कंसांच्या जागा

गौतमरावांचा फोन आला तेव्हा त्रिवेणी अंबरपेठच्या बाजारात पालेभाजीच्या गाड्यापाशी उभी होती, आणि वार गुरुवार होता. गौतमराव गुरुवारी फोन करत नसत. ते रविवारी करत, सकाळी, आंघोळ आणि चहा आटोपून, आणि इतक्या वर्षांत त्या फोनने कधी वार चुकवला नव्हता. त्यामुळे नाव दिसताच तिला आधी वाटलं की घोटाळा आपलाच झाला, आज रविवारच आहे आणि आपण खुशाल भाजी घ्यायला आलो. कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून बाकीचे वार एकमेकांत मिसळून गेले होते, रविवार तेवढा वेगळा उभा असायचा. तिने मेथीची जुडी उजव्या हातात तशीच धरून फोन डाव्या कानाला लावला. "त्रिवेणीबाई," गौतमराव म्हणाले, "तो शेवटचा तुकडा आहे ना, त्यात आपण..." आणि ते थांबले. ते थांबले तसा तिचा उजवा हात मेथीसकट वर उठला आणि त्याने हवेत एक कंस काढला. बंद होणारा कंस, वरून खाली, पोट बाहेरच्या बाजूला. हाताला ती सवयच होती. गौतमराव थांबले की कंस. पण समोर कागद नव्हता, म्हणून हात तसाच हवेत राहिला, आणि तेव्हा पहिल्यांदा तिला त्या थांबण्यात नुसतं थांबणं ऐकू आलं. मागून रिक्षा गेल्या, कुणीतरी पेरूचा भाव विचारला, महाग आहे म्हणून कुणीतरी पुढे गेलं, आणि फोनमध्ये गौतमरावांचा श्वास चालूच होता. "अम्मा, लेरे क्या नै?" भाजीवाली म्हणाली. "ऐसा हिलाए तो सब पत्ते गिरतें." मग पलीकडून गौतमराव म्हणाले, "मी फोन कशाला केला होता हो?" त्यांच्या आवाजात काळजी अशी नव्हती. चष्मा कुठे ठेवला हे विचारावं तसं त्यांनी विचारलं. "आपला पेपर छापायला पाठवायचाय रविवारी, त्याचंच असेल," त्रिवेणी म्हणाली. "हौ, तेच असेल," ते म्हणाले, आणि फोन बंद झाला. त्रिवेणीने मेथी पिशवीत घातली, पैसे दिले, आणि बरंच अंतर चालून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण घराच्या उलट दिशेला चाललो आहोत.

गौतमराव आणि ती मिळून एकच गणित करत आली होती. गणित म्हणजे शाळेतलं नव्हे, ज्याची उत्तरं पुस्तकाच्या पाठीमागे छापलेली असतात. हे बीजगणिताच्या अशा एका कोपऱ्यातलं होतं जिकडे सहसा कुणी फिरकत नाही. देशभरातली त्यावर काम करणारी माणसं एका जीपमध्ये मावतील, असं गौतमराव म्हणत, आणि वर म्हणत की जीपमध्ये सामानालाही जागा उरेल. ती नामपल्लीच्या एका कॉलेजात शिकवायची, ते कुकटपल्लीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात. एका सेमिनारमध्ये ओळख झाली आणि दोघंही मराठी निघाली. ती हैदराबादच्या जुन्या नोकरदार घरातली, वडील लक्ष्मणराव सचिवालयात उर्दू कागदांचे तर्जुमे करणारे. गौतमराव बिदरकडच्या शेतकरी घरातले, घराण्यातले पहिलेच शिकलेले. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दोघांनी कागदी बशीच्या पाठीवर जे लिहायला घेतलं ते मग संपलंच नाही. पुढे काचबिंदूने गौतमरावांचे डोळे नेले. पार नेले असं नाही. दार दिसायचं, दारात माणूस उभा आहे हे दिसायचं, पण अक्षर दिसेना. तेव्हापासून ते आठवडाभर पलंगावर पडून डोक्यात गणित करत आणि रविवारी ते फोनवर सांगत, आणि ती लिहून घेई. सुरुवातीला ते सगळं उच्चारत, कंस उघडा, कंस बंद करा, परत उघडा. मग उच्चार गळून पडले. कंसाच्या जागी ते श्वासभर थांबत आणि ती कंस टाकी. उघडायचा की बंद करायचा हे तिला आवाजाच्या चढउतारावरून कळे. हे कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं, आणि त्रिवेणीला त्याचा मनातून फार अभिमान होता. लग्न झालेल्या बायकांना नवऱ्याच्या खोकल्याचे अर्थ कळतात म्हणे. तिला एका माणसाच्या थांबण्याचे कळत होते आणि ते सगळे बिनचूक कळतात अशी तिची खात्री होती.

भेटी मात्र झाल्या नाहीत, किंवा इतक्या थोड्या झाल्या की त्या न झाल्यातच जमा. अंबरपेठहून कुकटपल्ली म्हणजे शहराचं एक टोक सोडून दुसरं टोक. शिवाय एकट्या बाईने दर रविवारी कुणाच्या घरी जाऊन बसावं, हे गौतमरावांच्या बायकोला, जयवंतावहिनींना, खटकलं नसतं, पण त्यांच्या गल्लीला खटकलं असतं. फोन बरा होता. फोनवर दोघं फक्त गणित बोलत, प्रकृतीची चौकशी शेवटच्या अर्ध्या मिनिटात उरकत, आणि त्यातही "बाकी ठीक?" "ठीक" एवढंच असे. एवढं आपल्याला पुरतं असं त्रिवेणी धरून चालली होती. प्रत्यक्षात आठवडाभर तिच्याशी जे कुणी बोलत ते भाव सांगायला नाहीतर लिफ्ट बंद आहे म्हणायला, पुण्याचा भाऊ सणावाराला, आणि भाची मेघना इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून हसरे चेहरे पाठवायची. ती एकटी होती. हे तिला ठाऊक होतं, पण रविवार असल्यामुळे ते तिला मोजावं लागलं नव्हतं.

घरी येऊन तिने मेथी तशीच ओट्यावर टाकली आणि शेवटच्या भागाचे कागद काढले. सगळी सिद्धता संगणकावर नीट टाइप करून ठेवलेली होती, पण तिला हाताने लिहिलेलं हवं होतं. ती मोठ्याने वाचू लागली, गौतमराव सांगत तसं, कंसापाशी थांबत. पंख्याचा आवाज आणि तिचा आवाज. या गणितात क्रमाला काही महत्त्व नव्हतं. अ गुणिले ब आणि ब गुणिले अ, दोन्ही एकच. महत्त्व होतं ते आधी कोण कुणाला भेटलं याला. तिघं असतील तर पहिल्या दोघांचा गुणाकार करून त्यात तिसरा मिसळणं वेगळं, आणि मागच्या दोघांचा करून त्यात पहिला मिसळणं वेगळं. बाजारातल्या आकड्यांना असला काही भेद नसतो, म्हणून बाहेरच्या माणसाला हे ऐकून चमत्कारिक वाटतं. त्रिवेणीला पहिल्या दिवसापासून ते अगदी घरातलं वाटलं होतं. आई आणि वडील बैठकीत बोलत बसलेले असताना ती आत गेली की एक दुपार व्हायची. तिला अभ्यासाचं विचारलं जायचं, उत्तर ऐकलं न ऐकलं व्हायचं, आणि ती परत यायची. ती आणि आई स्वयंपाकघरात बसलेल्या असताना वडील आत आले की दुसरीच दुपार व्हायची. वडील पाट ओढून घ्यायचे, भुईमुगाच्या शेंगा फोडायला लागायचे, कचेरीतल्या कुणाची नक्कल करायचे, आणि फोडलेल्यांतले निम्मे दाणे डब्यात न जाता तोंडात जायचे. माणसं तीच तीन. फक्त कंस कुठे पडला एवढाच फरक, आणि तिला आयुष्यभर ही दुसरी दुपार हवी होती. वडील गेले, मग बरीच वर्षं आई आणि ती, मग ती. एकट्या घटकाची गंमत अशी की त्याला कंस कसेही टाका, उत्तर बदलत नाही. स्वतःला स्वतःशी गुणताना आधी कोण आणि मग कोण हा प्रश्नच येत नाही. आणि त्यांच्या बीजगणितातला प्रत्येक घटक असा होता की स्वतःला गुणत गेला की कधी ना कधी शून्य व्हायचा. हे दिलेलंच होतं, ते सिद्ध करायचं नव्हतं. सिद्ध करायचं होतं ते पुढचं. एकेकटे सगळे शून्यावर जातात, तर मग सगळ्यांना एकमेकांत मिसळून, कंस वाटेल तसे टाकून गुणत गेलं, तरी शेवटी शून्यच येतं का? इंग्रजीत त्याला निलपोटंट म्हणतात. सरसकट तसं होत नाही, याची उदाहरणं आहेत. त्यांतल्या घटकांना एकेकटं सोडलं की ते संपतात, पण दोघं आळीपाळीने मध्ये येत राहिले की ते गुणाकार चालतच राहतात, संपायचं नाव घेत नाहीत. गौतमरावांचं आणि तिचं म्हणणं असं होतं की एक ठरावीक अट घातली तर मात्र सगळं संपतं. सगळं शेवटी शून्य होतं हे दाखवण्यासाठी दोन माणसांनी एवढी वर्षं इतक्या आनंदात घालवावी, याचं तिला कधीकधी हसू यायचं.

पहिली चूक सापडायला फार वेळ लागला नाही, आणि सापडली तेव्हा तिला ती आपल्या वाचण्यातली वाटली. एका लांब गुणाकारात कंस ब आणि क यांच्यामध्ये बंद झाला होता. तो तिथे बंद व्हायला काही कारण नव्हतं. मागच्या ओळीतून तो तसा येत नव्हता. मागच्या ओळीत ब आणि क एका कंसात होते आणि त्यांना तोडायची परवानगी कुठल्याच नियमाने दिली नव्हती. पण तो तिथे बंद झाल्यामुळे पुढची पदं झटक्यात शून्य होत होती. ही ओळ तिला आठवली. तो रविवारही आठवला. गौतमराव "ब" म्हणाले होते आणि थांबले होते, नेहमीपेक्षा जरा जास्त, इतके की ती मध्ये उठून दूध उतू जाईल म्हणून गॅस बारीक करून आली होती. परत येऊन बसली तरी ते थांबलेलेच होते. मग ते "क" म्हणाले आणि पुढे निघाले, आणि तिने कंस टाकला, आणि पुढच्या ओळीला सगळं कोसळून शून्य झालं होतं. "कमाल केलीत," ती म्हणाली होती. ती सहसा असं म्हणत नसे. गौतमराव पलीकडे हसले होते, जरा गोंधळल्यासारखे, आणि तिला तो विनय वाटला होता.

तिने लाल पेन्सिल घेतली आणि त्या कंसाला गोल केला. मग पुढच्या पानावर आणखी एक. मग वाचायची गती कमी झाली आणि गोल वाढत गेले. काही कंस खरे होते, ते लगेच ओळखू यायचे, मागच्या ओळीतून सरळ चालत आलेले. बाकीचे असेच वाक्याच्या मध्यावर, जिथे बोलणाऱ्या माणसाला पुढचा शब्द सापडला नसेल तिथे. गौतमराव जिथे जिथे विसरून थांबले तिथे तिथे ती कंस टाकत गेली होती. ते पुढे काय म्हणायचं हे आठवत पलंगावर पडून राहायचे आणि इकडे अंबरपेठेत ती त्या आठवण्याला जागा देऊन, रेघ ओढून, ते गणितात बसवून टाकायची. आणि ते बसायचं, हा सगळ्यात वाईट भाग होता. चुकीच्या जागी तोडलं की गुणाकार फार लवकर शून्यावर येतात. गेल्या दोन वर्षांत काम इतकं झरझर पुढे गेलं ते त्यामुळे, आणि तिला वाटलं होतं की आता आपली दोघांची एक लय लागली आहे. फोनमध्ये "हॅलो, ऐकू येतंय ना?" असं लोक विचारतात. तिने ते एकदाही विचारलं नव्हतं. कुठलंही शेंबडं पोर विचारतं तो प्रश्न. तिला विचारायची गरज पडली नाही, कारण तिला सगळं कळत होतं. ती कागद मांडीवर घेऊन बसून राहिली, आणि मग तिला रडू आलं, आणि रडताना आधी सिद्धतेचं आलं आणि मग गौतमरावांचं, या क्रमाची तिला लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी ती रिक्षाने मुसारामबागपर्यंत गेली आणि तिथून मेट्रोत बसली. फोनवर हे सांगण्यासारखं नव्हतं. काय सांगायचं ते मात्र पक्कं होतं. पेपर पाठवता येणार नाही, शेवटचा भाग उभाच राहत नाही, आणि का राहत नाही तेही. गणितात तिने आजवर कुणाची भीड ठेवली नव्हती. कंस चुकला की ती पोरींचे सगळे गुण कापायची, पुढचं उत्तर बरोबर असलं तरी, आणि मराठी पोरी तिला पाठीमागे कंसमामी म्हणायच्या हे तिला ठाऊक होतं. गौतमराव तर तिच्याहून कडक. एकदा परदेशातल्या कुणा मोठ्या माणसाच्या पेपरात खोट निघाली तेव्हा ते म्हणाले होते, चूक लपवली की गणित मरत नाही, माणूस मरतो. तेव्हा सांगायचंच होतं. ती मनाशी वाक्यं जुळवत होती आणि नामपल्ली मागे पडली, पुढे गाडी वळली की वरच्या धरायच्या रिकाम्या कड्या एकदम एका बाजूला झुकायच्या. समोरच्या बाकावर एक मुलगा आणि मुलगी एकाच फोनमध्ये काही पाहत होती. मुलाने काहीतरी तेलुगूत म्हटलं, मुलीने दक्खिनीत उत्तर दिलं, आणि दोघं हसली. त्रिवेणीच्या मनात आलं, हे एकदा सांगितलं म्हणजे रविवार संपला. गौतमराव पुन्हा सांगायला धजणार नाहीत. बोलताना थांबले की ते आपण का थांबलो हे तपासत बसतील, आणि तो फोन हळूहळू प्रकृतीच्या चौकशीचा होईल, आणि मग सणावाराचा. आपण एवढ्या दूर त्यांच्यासाठी चाललो आहोत की स्वतःसाठी, हे तिला ठरवता येईना. सिद्धता गेली तर जाऊ दे, असा विचार तिच्या डोक्यात आयुष्यात पहिल्यांदा आला आणि ती दचकली. मग तिला आणखी एक गोष्ट सुचली आणि ती तिने जरा वेळ तशीच धरून ठेवली: सिद्धता गेली याचा अर्थ म्हणणं खोटं ठरलं असा होत नाही, पण खरंही ठरलेलं नाही. म्हणजे कुठेतरी, त्यांच्या त्या अटीखालीही, एकेकटे संपणारे पण एकमेकांत मिसळले की न संपणारे कुणी असू शकतात. हे सुचून तिला बरं वाटायला हवं होतं. तिला नुसतं एकटं वाटलं.

दार जयवंतावहिनींनी उघडलं. बुटक्या, जाड, पदर खोचलेला, हाताला ज्वारीचं पीठ. "या बाई," त्या म्हणाल्या, "आज कशी काय याद आली?" आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला आणि तिला बाहेरच्या खोलीत न बसवता सरळ स्वयंपाकघरात नेलं. गौतमराव आतल्या खोलीत रेडिओ ऐकत होते. जयवंतावहिनी परत परातीपुढे बसल्या. "काल तुम्हालाच फोन लावला जणू त्यांनी," त्या म्हणाल्या. "मी बघलं. फोन ठिवून इचारतेत मला, कुणाचा आल्ता म्हणून." त्रिवेणी म्हणाली, "केव्हापासून आहे हे?" "दोन साल होतेत आता. डॉक्टरनं इंग्रजीत नाव सांगितलं, माझ्या ध्यानात राहीना. इसरायचा आजार म्हणला. आता वाढतच जाणार म्हणला. यांना सांगितलं कमजोरी हाय, गोळ्या घ्या. ते घेतेत बिचारे." त्यांनी भाकरी थापायला घेतली आणि थापता थापता, वर न पाहता, विचारलं, "तुम्हाला कळलं नै का बाई? हर हप्त्याला तासतास बोलता की तुम्ही." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्रिवेणीला उत्तर देता आलं असतं. "नाही कळलं," ती म्हणाली. जयवंतावहिनींनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "मला वाटलं तुम्हाला कळलंय अन् तुम्ही सांभाळून घ्यालात," त्या म्हणाल्या. "म्हणून मी बी बोलले नै. बाकीचे दिवस माणूस नुस्ता बसून ऱ्हातंय. शर्ट घाला म्हणावं लागतंय, जेवा म्हणावं लागतंय. आयतवारी तेवढं मी उठायच्या आत उठतेत. दाढी करतेत. माझं गणित हाय म्हणतेत. तेवढं गेलं तर मंग काय ऱ्हातंय, तुम्हीच सांगा." त्रिवेणीने पिशवी मांडीवर घट्ट धरली. पिशवीत कागद होते. "मी त्याचंच बोलायला आलेय," ती म्हणाली, आणि जयवंतावहिनींचा हात भाकरी उलटायचा थांबला, आणि खरपूस वासाचा करपट वास झाला.

आतल्या खोलीत गौतमराव पलंगावर उशीला टेकून बसले होते. वाळले होते. फोनमधला आवाज तोच भरदार, आणि आवाजाच्या खाली हा एवढासा माणूस. तिने "मी त्रिवेणी" म्हणताच त्यांनी रेडिओ चाचपून बंद केला आणि सदऱ्याची गुंडी लावली. "आज रविवार आहे?" "नाही, शुक्रवार." "मग इतक्या लांब का आलात हो, फोन करायचा." ती खुर्ची ओढून बसली. "शेवटच्या भागात चूक आहे, गौतमराव." ते एकदम ताठ झाले, तिच्या आवाजाच्या दिशेने वळले. "वाचा," ते म्हणाले. तिने पहिला लाल गोल केलेला कागद काढला आणि ती ओळ वाचली, कंस उच्चारून वाचली, कंस उघडा, कंस बंद, जुन्या पद्धतीने. ओळ पुरी व्हायच्या आत गौतमरावांनी हात वर केला. "इथे कसा बंद होईल? ब आणि क आधी. ते एका कंसात आहेत, त्यांना कसं तोडलंत?" ते इतक्या झटकन म्हणाले की तिला क्षणभर वाटलं, सगळ्यांचंच चुकलं, डॉक्टरचं, वहिनींचं, तिचं, या माणसाला काही झालेलं नाही. मग ते थांबले. ती त्यांचा चेहरा पाहत होती. फोनवर तो तिला कधी दिसला नव्हता. चेहऱ्यावर शोध नव्हता, गोंधळ नव्हता, काहीच नव्हतं, आणि आपण थांबलो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग डोळे परत तिच्या बाजूला आले. "हं. तर हे पाठवता येणार नाही," ते म्हणाले. आणि मग ते हळू आवाजात म्हणाले, "मी सांगितलं होतं का हे असं? मी असा कंस सांगितला?" त्यांनी चादरीची कड धरली होती. त्रिवेणीला कळलं की त्यांना काहीतरी माहीत आहे, पुरतं नाही, पण दारात कुणी उभं आहे एवढं त्यांना दिसतं आहे.

"किती ठिकाणी आहे असं?" गौतमरावांनी विचारलं. बाकीचे कागद तिच्या मांडीवर उघडेच होते. एक पान असं नव्हतं ज्यावर लाल गोल नव्हता, काहींवर तर अक्षरापेक्षा लालच जास्त दिसत होतं. जयवंतावहिनी चहाचे कप घेऊन दारात आल्या होत्या. त्यांना गणित वाचता येत नव्हतं, पण लाल दिसत होतं. त्यांनी कागदांकडे पाहिलं, मग त्रिवेणीकडे. त्रिवेणीने कागद एकत्र केले, त्यांच्या कडा जुळवल्या आणि ते उलटे करून ठेवले. "एकाच ठिकाणी," ती म्हणाली. "आणि तुम्ही नीट सांगितलं होतं. लिहिताना माझं चुकलं. मी दूध बघायला उठले होते, परत येऊन भलत्याच जागी कंस टाकला." बोलून झाल्यावर तिला वाटलं की आता ते ओळखतील, इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी गणितातलं खोटं कधी बोलली नव्हती आणि तिचा आवाज त्यांना आतूनबाहेरून ठाऊक होता. पण गौतमरावांनी चादर सोडली. त्यांचे खांदे खाली आले, आणि तोंडावर हळूहळू हसू पसरलं, जुनं, चिडवणारं. "कंसमामी," ते म्हणाले, "तुमच्या हातून?" हे नाव त्यांना ठाऊक आहे हे तिला माहीत नव्हतं. "माझ्याच हातून," ती म्हणाली. "मग रविवारी नीट करू," ते म्हणाले. "पहिल्यापासून घेऊ. घाई कुठे आहे?" "पहिल्यापासूनच घेऊ," ती म्हणाली. त्यांनी चाचपत हात पुढे केला आणि तिच्या मनगटाच्या जरा वर, बाहीवर, दोनदा थोपटलं. त्यांनी तिला यापूर्वी कधी स्पर्श केला नव्हता. "मनाला लावून घेऊ नका, त्रिवेणीबाई," गौतमराव म्हणाले. "वय झालं की होतं असं. लक्ष राहत नाही. जयवंताच्या ओळखीचा एक डॉक्टर आहे, मला कमजोरीच्या गोळ्या दिल्यात त्याने, चांगला गुण आला. एकदा दाखवून घ्या. तुम्ही एकट्या राहता, काळजी वाटते."

"दाखवते," त्रिवेणी म्हणाली.